एक केंद्र ते अनेक केंद्रे : मोठ्या घरातील बिनतारी जाळ्याचा इतिहास

प्रस्तावना

मोठ्या घरात वाय-फाय सर्वत्र सारखे पोहोचत नाही, ही तक्रार आज शहरातील दुमजली बंगल्यापासून गावातील जुन्या वाड्यापर्यंत सगळीकडे ऐकू येते. दिवाणखान्यात वेगाने चालणारे इंटरनेट माजघरात मंदावते, माडीवर जाताच अडखळते आणि मागच्या खोलीत पोहोचतच नाही. या तक्रारीवर सुचविला जाणारा पहिला उपाय बहुधा एकच असतो : अधिक ताकदीचा राउटर आणावा. हा उपाय अनेकदा फसतो, तरीही तोच पुन्हा पुन्हा सुचविला जातो. असे का होते, आणि त्याला पर्याय ठरलेला दुसरा उपाय कोठून आला, याचा ऐतिहासिक मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

हा विषय वरकरणी तांत्रिक वाटतो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्याची दखल दोन कारणांसाठी घ्यावयास हवी. पहिले कारण असे की, विस्तृत जागा रेडिओलहरींनी कशी व्यापावी हा प्रश्न रेडिओइतकाच जुना आहे. शहरांनी या प्रश्नाशी जी झुंज दिली, तीच पुढे अर्ध्या शतकाने घराच्या चार भिंतींच्या आत पुन्हा घडली. दुसरे कारण सामाजिक आहे. ज्या काळात शिक्षण, नोकरी, बँक आणि वैद्यकीय सल्ला हे सारे पडद्यावर आले, त्या काळात घरातील सिग्नलचे वाटप हे संधीचेच वाटप ठरते. कोणत्या खोलीत सिग्नल आहे आणि त्या खोलीत कोण बसते, हा प्रश्न म्हणूनच केवळ सोयीचा राहत नाही.

येथे मांडावयाचे प्रतिपादन थोडक्यात असे : मोठे क्षेत्र एकाच बलवान केंद्राने व्यापण्याचा मार्ग प्रथम स्वीकारला जातो, त्याच्या मर्यादा अनुभवास आल्यानंतर कमी शक्तीची पण योग्य जागी ठेवलेली अनेक केंद्रे उभारावी लागतात, आणि ही केंद्रे एकमेकांना जोडण्यासाठी ज्या तारेला निरोप दिला होता, तिचीच पुन्हा आठवण होते.

दोन परंपरा : बोस आणि मार्कोनी

जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात केलेल्या जाहीर प्रयोगात विद्युतचुंबकीय लहरी भिंतींतून पलीकडे पाठवून दूरची घंटा वाजविली आणि बारूद पेटवून दाखविली. बोस यांच्या संशोधनातील लहरी अतिशय आखूड होत्या. त्यांची तरंगलांबी काही मिलिमीटरपासून काही सेंटिमीटरपर्यंत होती. गुल्येल्मो मार्कोनी यांनी याच्या उलट दिशा धरली. लांब लहरी, उंच अँटेना आणि प्रचंड शक्तीचा प्रक्षेपक यांच्या साहाय्याने डिसेंबर १९०१ मध्ये त्यांनी इंग्लंडमधील कॉर्नवॉलहून अटलांटिक महासागरापलीकडे न्यूफाउंडलंडपर्यंत संदेश पोहोचविला.

मार्कोनी यांच्या यशाने लोकमानसात एक समीकरण रुजविले : जितकी शक्ती अधिक तितका पल्ला अधिक. पुढे नभोवाणीच्या केंद्रांनी ते दृढ केले. एक उंच मनोरा आणि त्याभोवती ऐकणारा संपूर्ण प्रदेश, हे रेडिओचे सर्वपरिचित चित्र झाले. घरातील राउटरकडे आपण आजही याच दृष्टीने पाहतो. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. २.४ गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर भरते, तर ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची सुमारे सहा सेंटिमीटर. घरातील वाय-फाय हे मार्कोनींच्या महासागरापेक्षा बोस यांच्या प्रयोगशाळेला अधिक जवळचे आहे. तेथे प्रश्न अंतराचा जेवढा आहे, तेवढाच मधल्या भिंतीचा आहे.

शहराचा धडा

१७ जून १९४६ रोजी अमेरिकेतील सेंट लुईस या शहरात मोटारींसाठी दूरध्वनी सेवा सुरू झाली. उंच जागी बसविलेल्या एका शक्तिशाली प्रक्षेपकाने संपूर्ण शहर व्यापावे, अशी तिची रचना होती. सेवा चालली, परंतु एका वेळी शहरभरात मोजकीच संभाषणे होऊ शकत. एकदा वापरलेली वारंवारता संपूर्ण शहरात अडकून पडत असे. प्रक्षेपकाची शक्ती वाढविली असती तर ही अडचण दूर होण्याऐवजी शेजारच्या शहरांपर्यंत पसरली असती.

या अडचणीचे उत्तर बेल प्रयोगशाळेत शोधले गेले. डिसेंबर १९४७ मध्ये डग्लस रिंग यांनी, रे यंग यांच्या कल्पनेच्या आधारे, एक अंतर्गत टिपण तयार केले. शहराची षट्कोनी लहान भागांत विभागणी करावी, प्रत्येक भागात कमी शक्तीचे स्वतंत्र केंद्र ठेवावे आणि एकमेकांपासून पुरेशा दूर असलेल्या भागांत तीच वारंवारता पुन्हा वापरावी, असे त्याचे सूत्र होते. शक्ती वाढविण्याऐवजी ती मुद्दाम कमी करावी आणि केंद्रांची संख्या वाढवावी, हा विचार त्या काळी प्रचलित समजुतीच्या विरुद्ध होता. तो व्यवहारात येण्यास तीन दशकांहून अधिक काळ लागला. टोकियोत १९७९ मध्ये आणि शिकागोत ऑक्टोबर १९८३ मध्ये या तत्त्वावरील व्यावसायिक सेवा सुरू झाल्या. आजच्या मोबाइल दूरध्वनीचा पाया हाच होय.

शहर आणि घर यांत एक फरक लक्षात ठेवावयास हवा. शहरात मुख्य अडचण एकाच वेळी बोलणाऱ्यांच्या संख्येची होती. घरात ती प्रामुख्याने भिंतींची आहे. परंतु दोन्ही ठिकाणी उत्तर एकाच दिशेने सापडले, आणि दोन्ही ठिकाणी ते उशिरा स्वीकारले गेले.

परवान्याविना लहरी

घरातील बिनतारी जाळ्याचे स्वरूप तंत्राइतकेच कायद्याने ठरविले. १९४७ मध्ये अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत काही वारंवारता उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांतील उपकरणांसाठी राखण्यात आल्या. त्यांत संदेशवहनाचा हेतू नव्हता. अन्न गरम करणारी मायक्रोवेव्ह भट्टी याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झवर चालते. या पट्ट्यांत गोंगाट असल्याने संदेशवहनाच्या दृष्टीने ते जवळजवळ टाकाऊ मानले जात.

मे १९८५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने या टाकाऊ पट्ट्यांत, संदेश विस्तृत वारंवारतेवर पसरवून पाठविण्याच्या तंत्राचा वापर करणाऱ्या उपकरणांना वैयक्तिक परवान्याशिवाय मुभा दिली. आयोगातील अभियंते मायकेल मार्कस यांनी या निर्णयाचा पाठपुरावा केला होता. मुभेला अट होती : प्रक्षेपणाची शक्ती एक वॉटपेक्षा अधिक नसावी. ही अट घरातील वाय-फायच्या इतिहासात निर्णायक ठरली. लहरींच्या या सार्वजनिक कुरणात कोणीही यावे, परंतु कोणीही आवाज चढवू नये, असा हा करार होता. अधिक ताकदीचा राउटर हे उत्तर कायद्याने प्रारंभीच मर्यादित केले होते.

सामायिक लहरींवर अनेकांनी कसे बोलावे, याची तांत्रिक रीत त्यापूर्वीच तयार झाली होती. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई विद्यापीठात १९७१ मध्ये ‘अलोहानेट’ हे बिनतारी संगणकजाळे सुरू केले. बेटांवरील संगणकांनी एकच वाहिनी वापरावी, दोन संदेश एकमेकांवर आदळल्यास थोडे थांबून पुन्हा पाठवावे, असे त्याचे साधे तत्त्व होते. झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडताना याच तत्त्वाचा विकास केला. म्हणजे रेडिओतून निघालेली रीत तारेत गेली आणि पुढे वाय-फायच्या रूपाने पुन्हा रेडिओत परतली.

१९८५ च्या निर्णयाचा पहिला मोठा लाभ घराने घेतलेला नाही, तो दुकानाने घेतला. एनसीआर ही पैसे मोजण्याची यंत्रे बनविणारी कंपनी होती. मोठ्या दुकानांची मांडणी वारंवार बदलते आणि दर वेळी यंत्रांच्या तारा नव्याने टाकाव्या लागतात, ही तिच्या ग्राहकांची अडचण होती. कंपनीच्या नेदरलँड्समधील अभियंत्यांनी ‘वेव्हलॅन’ हे बिनतारी उपकरण तयार केले. ते १९९० मध्ये बाजारात आले. त्याच वर्षी आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या संस्थेची ८०२.११ समिती स्थापन झाली. तिचे अध्यक्षपद एनसीआरचे व्हिक हेज यांनी दीर्घकाळ भूषविले. समितीचे पहिले मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले; त्याचा वेग सेकंदाला एक ते दोन मेगाबिट होता. जे तंत्र पुढे घराघरांत गेले, त्याचा जन्म भिंती नसलेल्या मोकळ्या दालनात झाला होता, ही बाब विसरता येत नाही.

बंदिस्त जागेचा अभ्यास ऑस्ट्रेलियात झाला. तेथील सीएसआयआरओ या राष्ट्रीय संशोधन संस्थेत जॉन ओसुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोलीतील प्रतिध्वनींचा प्रश्न हाताळला. भिंत लहरींना अडविते, तशीच ती त्यांना परतही फेकते. परिणामी एकच संदेश अनेक वाटांनी, मागेपुढे पोहोचून गोंधळ होतो. ओसुलिव्हन हे मूळचे रेडिओखगोल-अभ्यासक. कृष्णविवरांच्या स्फोटाचे क्षीण संकेत शोधताना वापरलेली गणिती साधने या गोंधळावरही उपयोगी पडली. या पद्धतीचे अमेरिकी पेटंट १९९६ मध्ये मिळाले आणि त्यावरून पुढे मोठे न्यायालयीन वाद होऊन संस्थेला ४० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक रक्कम मिळाली.

घरात प्रवेश

१९९९ हे वर्ष घरातील वाय-फायचे प्रारंभवर्ष मानावे लागते. त्या वर्षी सेकंदाला ११ मेगाबिट वेगाचे ८०२.११ बी हे मानक आले. निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे परस्परांशी जुळावीत म्हणून उत्पादकांची संघटना स्थापन झाली आणि तिने ‘वाय-फाय’ हे नाव स्वीकारले. जुलै १९९९ मध्ये ॲपल कंपनीने ‘एअरपोर्ट’ हे केंद्र २९९ डॉलरना आणि संगणकात बसवावयाचे कार्ड ९९ डॉलरना विक्रीस आणले. पल्ला १५० फूट असल्याचे सांगण्यात आले.

या ‘फुटां’चा अर्थ तपासावयास हवा. अमेरिकेतील निवासी घरे बहुतांशी लाकडी सांगाडा आणि जिप्समचे फलक यांची असतात. लहरींना ती फारशी अडवीत नाहीत. वीट, दगड आणि सळईयुक्त काँक्रीट यांच्या घरात तोच पल्ला झपाट्याने आटतो. पेटीवर छापलेला आकडा घर कोणत्या देशातील आहे हे सांगत नाही.

शक्ती वाढवून हा प्रश्न का सुटत नाही, हे साध्या गणिताने स्पष्ट होते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की सिग्नल एक-चतुर्थांश उरतो. म्हणून शक्ती दुप्पट केली तरी पल्ला दुप्पट होत नाही; तो सुमारे १.४ पटच होतो. मध्ये भिंती असल्यास हा लाभ एकाच भिंतीत खर्ची पडू शकतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, वाय-फाय हे नभोवाणीसारखे एकतर्फी नसते. ते संभाषण असते. राउटर मोठ्याने बोलला तरी हातातील मोबाइलचा आवाज लहानच राहतो. त्याचे उत्तर राउटरपर्यंत पोहोचले नाही तर संभाषण तुटते. पडद्यावर सिग्नलच्या पट्ट्या भरलेल्या दिसत असूनही पान उघडत नाही, याचे एक कारण हे आहे.

यात शेजाऱ्यांची भर पडते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल प्रत्यक्षात तीनच धरले जातात : १, ६ आणि ११. दाट वस्तीत प्रत्येकाने आवाज चढविला तर सेंट लुईसचीच गत होते. २००९ मधील ८०२.११ एन या मानकाने एकाहून अधिक अँटेनांचा वापर करून भिंतींवरून परतणाऱ्या लहरींनाच उपयोगात आणले आणि वेग पुष्कळ वाढविला. परंतु जाड भिंतीपलीकडच्या खोलीचा प्रश्न त्यानेही संपला नाही.

मधले उपाय

एका केंद्राची मर्यादा उमगल्यावर प्रथम आला तो रिपीटर, म्हणजे सिग्नल ऐकून पुढे पाठविणारे साधन. २००४ मधील ‘एअरपोर्ट एक्स्प्रेस’ या लहान उपकरणात ही सोय होती. पुढे अशी स्वस्त साधने विपुल झाली. त्यांचा दोष रचनेतच होता. एकच रेडिओ ऐकण्यासाठी आणि सांगण्यासाठी वापरल्यामुळे प्रत्येक संदेश हवेत दोनदा पाठवावा लागतो आणि वेग सुमारे निम्म्यावर येतो. शिवाय ज्या खोलीत सिग्नल नाही तेथेच रिपीटर ठेवण्याची चूक सर्रास होते. जे स्वतःला ऐकू येत नाही ते पुढे सांगता येत नाही. त्याची जागा अर्ध्या वाटेवर, सिग्नल अजून चांगला असेल तेथे असावी लागते.

दुसरा उपाय घरातील विजेच्या तारांचा होता. ‘होमप्लग’ हे त्याचे पहिले मानक २००१ मध्ये आले. नवी तार न टाकता भिंतीतील तारेवरूनच माहिती नेण्याची ही कल्पना आकर्षक होती. मात्र मोठ्या घरांत बहुधा तीन फेजचा वीजपुरवठा असतो, आणि एका फेजवरील सिग्नल दुसऱ्या फेजवर नीट पोहोचत नाही; म्हणजे ज्या घरांना गरज अधिक, तेथेच हा उपाय लंगडा पडे.

तिसरा उपाय सर्वांत जुना आणि सर्वांत भरवशाचा होता : प्रत्येक मजल्यापर्यंत इथरनेटची तार नेऊन तेथे स्वतंत्र ॲक्सेस पॉइंट बसविणे. महाविद्यालये, रुग्णालये आणि कार्यालये यांनी २००० च्या दशकात हाच मार्ग पत्करला. आपल्या महाविद्यालयाच्या छताला दर काही अंतरावर दिसणाऱ्या चपट्या पेट्या म्हणजे रिंग यांच्या षट्कोनांचेच लघुरूप होत. घरात मात्र हा मार्ग मागे राहिला, कारण बांधून झालेल्या घराची भिंत फोडण्यास कोणी सहजी तयार होत नाही.

मेश : जाळ्याचे जाळे

प्रत्येक केंद्राने दुसऱ्या केंद्राचा संदेश पुढे न्यावा, ही कल्पनाही घरासाठी जन्मलेली नव्हती. तिची मुळे अमेरिकी संरक्षण खात्याने १९७० च्या दशकात केलेल्या पॅकेट रेडिओच्या प्रयोगांत आहेत. पुढे एमआयटी या संस्थेतील संशोधकांनी केंब्रिज शहरातील छतांवर ‘रूफनेट’ हे प्रायोगिक जाळे उभारले. मुलांसाठी स्वस्त संगणक तयार करणाऱ्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या उपक्रमाने आपल्या यंत्रात हीच सोय केली. एका मुलाच्या संगणकाने दुसऱ्याचा संदेश पुढे न्यावा, असे त्यात अभिप्रेत होते. भारतातील या उपक्रमाचा प्रारंभीचा प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट येथील शाळेत झाला, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने उल्लेखनीय बाब आहे.

मेशचे अधिकृत मानक ८०२.११ एस २०११ मध्ये आले. घरासाठीचे सुटसुटीत संच मात्र २०१६ मध्ये बाजारात रुजले. त्या वर्षी ईरो, गूगल आणि नेटगिअर या कंपन्यांनी दोन-तीन केंद्रांचे संच आणले. त्यांपैकी काहींत केंद्रांच्या आपसांतील बोलण्यासाठी स्वतंत्र रेडिओ दिला होता. त्यामुळे रिपीटरचा निम्म्या वेगाचा दोष बराच कमी झाला. निरनिराळ्या उत्पादकांची केंद्रे परस्परांशी जुळावीत म्हणून वाय-फाय अलायन्सने २०१८ मध्ये ‘ईझीमेश’ हा प्रमाणन कार्यक्रम जाहीर केला.

अशा रीतीने शहराने १९४७ मध्ये मांडलेला विचार घराने २०१६ मध्ये आत्मसात केला. तथापि मेश हे जादूचे साधन नव्हे. त्याची केंद्रे एकमेकांशी हवेतूनच बोलत असतील, तर त्यांच्यामध्येही तीच भिंत उभी असते. म्हणूनच या केंद्रांनाही शक्य तेथे तारेने जोडावे, असा सल्ला जाणकार देतात.

भारतीय कायदा आणि महाराष्ट्रातील घर

भारतात बिनतारी उपकरण बाळगण्यासाठी परवान्याचे बंधन १९३३ च्या कायद्याने घातले होते. साध्या रेडिओ संचासाठीही टपाल कार्यालयात शुल्क भरून परवाना घ्यावा लागे, याची आठवण ज्येष्ठ प्राध्यापकांना असेल. त्या पार्श्वभूमीवर जानेवारी २००५ मधील केंद्र सरकारच्या अधिसूचनेचे महत्त्व समजते. तिने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीची उपकरणे परवानामुक्त केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ घराबाहेरील वापरासह खुले झाले.

जाळ्याचा घरातील प्रवेशबिंदू मात्र रेडिओच्या सोयीने ठरला नाही. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणानंतर २००५ मध्ये बीएसएनएलची ‘डेटावन’ सेवा सुरू झाली आणि ती दूरध्वनीच्या तारेवरून येत होती. दूरध्वनी बहुधा दर्शनी खोलीत, पाहुण्यांच्या नजरेसमोर असे. मोडेम आणि राउटर त्याच कोनाड्यात येऊन बसले. पुढे फायबर आले तरी ते बहुतेक ठिकाणी दर्शनी भिंतीतूनच आत शिरले. परिणामी केंद्र घराच्या मध्यभागी असण्याऐवजी एका टोकाला राहिले आणि त्याचा बराचसा सिग्नल रस्त्यावर सांडत राहिला.

महाराष्ट्रातील पारंपरिक घराच्या संदर्भात याचा परिणाम बारकाईने पाहण्याजोगा आहे. वाड्यात ओटी, सोपा आणि दिवाणखाना दर्शनी बाजूस, तर माजघर, स्वयंपाकघर आणि परसदार मागे असते. दर्शनी भाग पुरुषांच्या आणि पाहुण्यांच्या वावराचा, तर मागचा भाग स्त्रियांच्या कामाचा, अशी ही विभागणी होती. राउटर दर्शनी भागात बसल्यामुळे सिग्नलच्या नकाशाने हीच जुनी विभागणी नकळत पुन्हा आखली. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत वर्ग आणि कार्यालये घरात आली, तेव्हा सिग्नल असलेली खोली ही घरातील सर्वांत मौल्यवान जागा झाली. ती कोणाला मिळाली, स्वयंपाकघराशेजारी बसून अभ्यास करणाऱ्या मुलीच्या किंवा तेथूनच तास घेणाऱ्या अध्यापिकेच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न पुढील काळातील सामाजिक इतिहासकाराने विचारावयास हवा.

बांधकामाचे साहित्यही येथे बोलते. वाड्याच्या दगड-विटांच्या रुंद भिंती आणि कोकणातील जांभ्या चिऱ्याच्या भिंती लहरींना मोठ्या प्रमाणात शोषतात. परंतु वाड्याचा चौक हा मित्र ठरतो. चौकाकडे तोंड करून ठेवलेले केंद्र मोकळ्या अवकाशातून समोरच्या सोप्यापर्यंत आणि माडीच्या खिडक्यांपर्यंत पोहोचते. भिंती भेदण्याची गरजच कमी होते. आधुनिक बंगल्यात हा मोकळेपणा नसतो. तेथे मजल्यांमधील स्लॅबमध्ये सळयांची जाळी असते, आणि लोखंडी कपाट, मोठा आरसा किंवा पाण्याची टाकी मध्ये आल्यास छायेचा पट्टा निर्माण होतो. राउटर कपाटामागून काढून जिन्याजवळ, उंचावर ठेवणे हा पैसा न लागणारा पहिला उपाय म्हणूनच शास्त्राला धरून आहे.

पुढील वाट

नव्या मानकांची दिशा अधिक उंच वारंवारतेकडे आहे. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेने ६ गिगाहर्ट्झ परिसरातील १२०० मेगाहर्ट्झ परवान्याविना खुले केले. भारतात या पट्ट्याचा खालचा ५०० मेगाहर्ट्झचा भाग खुला करण्यासंबंधीचे मसुदा नियम मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. वारंवारता वाढते तसा वेग वाढविण्यास वाव मिळतो, पण भिंत भेदण्याची क्षमता घटते. म्हणजे तंत्र जसजसे पुढे जाईल, तसतसे एका केंद्राचे राज्य एका खोलीपुरते मर्यादित होत जाईल, आणि या खोल्यांना जोडणाऱ्या तारेचे मोल वाढेल.

निष्कर्ष

१. मोठ्या घरातील वाय-फायचा प्रश्न हा शक्तीपेक्षा स्थानाचा प्रश्न आहे. शहरांच्या दूरध्वनी सेवेच्या इतिहासातून हे १९४७ मध्येच स्पष्ट झाले होते.

२. परवानामुक्त लहरींची किंमत म्हणून शक्तीवर मर्यादा आली. त्या मर्यादेमुळे अनेक लहान केंद्रांचा मार्ग अपरिहार्य ठरला.

३. दुकान, विद्यापीठ आणि संरक्षण खाते यांच्या गरजांतून आलेले तंत्र घराने जसेच्या तसे उचलले. घराची भिंत त्यात उशिरा विचारात घेतली गेली.

४. ‘बिनतारी’ जाळ्याची गुणवत्ता अखेर तारेवर अवलंबून राहते. नवे घर बांधताना प्रत्येक मजल्यावर आणि शक्य तर प्रत्येक प्रमुख खोलीत इथरनेटच्या तारेसाठी नळी टाकून ठेवणे, हे नंतर घ्यावयाच्या कोणत्याही महागड्या राउटरपेक्षा अधिक उपयुक्त आहे.

५. केंद्राची जागा ठरविणे हा घरातील निर्णय आहे आणि तो सर्वांनी मिळून घ्यावा. मागच्या खोलीत काम करणाऱ्या व्यक्तीला त्यात समान मत असावयास हवे.

पूर्वी घर बांधताना पाण्याचा नळ कोठे येणार, यावर स्वयंपाकघराची जागा ठरे. पुढे विजेचे दिवे कोठे लावावयाचे, याचा विचार आराखड्यातच होऊ लागला. माहितीचे जाळे मात्र अजूनही घर पूर्ण झाल्यावर, दाराशी आलेल्या तारेच्या टोकाला जोडले जाते. ते आराखड्याच्या कागदावर आले, तर आज माजघरात बसून शिकणारी पिढी दिवाणखान्यातील पिढीच्या मागे राहणार नाही.